ओल्यात ठोकलेली जागा

माझ्या मामांकडे कुणी काही विचारायला आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "उन्हाळ्यात या." विहीर कुठे खणू? उन्हाळ्यात या. घराचा पाया कुठे धरू? उन्हाळ्यात या. मी एकदा वैतागून म्हटलं, "मामा, उद्या यम आला तरी त्याला हेच सांगाल." तर म्हणाले, "सांगेन की. चिखलातून मला उचलून न्यायचं म्हणजे त्याचेच हाल."

मामा जमीन ठोकायचे. हा धंदा आहे असं बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. आमचं गाव जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेलं. लाल, भोकाभोकांचा दगड. जमीनही त्याचीच आणि भिंतीही त्याच्याच. वरून बघाल तर सगळीकडे सारखाच. पण घर बांधायच्या आधी माणसं मामांना बोलावत. मामा चपला काढून जागेवर उभे राहत, हातातली पहार वीतभर उचलत आणि सोडून देत. टाच जमिनीला टेकलेली, डोळे मिटलेले, मान जराशी कलती. मग एक पाऊल पुढे, पुन्हा पहार. तास-दोन तास असं चाललं की ते कोळशाने खुणा करत. इथे बांधा, इथे बांधू नका, इथे विहिरीचा नाद सोडा. चाळीस वर्षांत त्यांनी दाखवलेल्या जागेवरचं एकही घर तडकलं नव्हतं. गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं. ते वरवर नाही नाही म्हणत, पण मनातून त्यांना ते भारी आवडायचं.

मी शाळेत भूगोल शिकवते. आमच्या पुस्तकात या दगडावर साडेतीन ओळी आहेत, आणि त्या मी पंचवीस वर्षं न अडखळता म्हणून दाखवल्या आहेत. खरा धडा मात्र मामांकडून कळला. ते म्हणत, "पाऊस म्हणजे हावरट पाहुणा. मातीतलं विरघळेल ते सगळं घेऊन जातो. लोखंड त्याला पचत नाही, ते मागे राहतं. पाणी जमिनीत वर चढतं, खाली उतरतं, आणि दर वर्षी थोडं थोडं लोखंड मातीला धरून बसतं. ओलं आहे तोवर मऊ, कुऱ्हाडीने कापून घ्या. एकदा वारा लागला, वाळलं, की दगड. मग पुन्हा दहा पावसाळे भिजत ठेवा, मऊ म्हणून व्हायचं नाही." एवढं बोलून ते माझ्याकडे बघत आणि म्हणत, "काही माणसं असतात तसं." मी हट्टी आहे हे सांगायला त्यांना कुठलाही विषय चालायचा.

पण दगड वरच्यावरच असतो. कुठे एक पुरुष, म्हणजे उभ्या माणसाएवढा, कुठे फार तर तीन पुरुष खोल. त्याच्या खाली ठिपक्याठिपक्यांची माती आणि तिच्याही खाली पांढरी माती, पिठासारखी. वरचा पाऊस दगडाच्या भोकांतून झिरपत खाली उतरतो, ही पांढरी माती कालवतो आणि पठाराच्या कडेला झऱ्यातून बाहेर काढतो. वर्षानुवर्षं हे चाललं की वरची टोपी तशीच राहते आणि खालचं डोकं नाहीसं होतं. मामा ठोकून शोधायचे ते हेच.

म्हणूनच उन्हाळा. ओल्या दिवसांत पोकळी पाण्याने आणि चिखलाने भरलेली असते, तेव्हा पहार टाकली तर जमीन भरीव असल्यासारखीच बोलते. झरे उतरून आतला चिखल सुकायला चार-पाच महिने जावे लागतात. मग पोकळी असेल तर बद्द वाजते, तडा गेलेल्या मडक्यासारखी. खाणीवर चिरे काढणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. मामाही आधी दहा वर्षं चिरेच काढत होते, तिथेच त्यांचा कान तयार झाला. नियम सगळ्यांनाच माहीत होता, पण मामांनी तो कधीच मोडला नाही, म्हणून ते डॉक्टर. एकदाच मोडला, आणि तोही ठकूसाठी.

ठकू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण. मामी गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मामांनी तिला एकट्याने वाढवलं. तिची वेणीसुद्धा तेच घालत, आणि दोर वळल्यासारखी इतकी घट्ट घालत की शाळेत ठकूच्या भुवया सदा वर चढलेल्या असत. बाई तिला विचारत, "तुला कसलं गं एवढं आश्चर्य वाटतंय?" ठकू मोठी झाली, तिचं लग्न झालं, तरी मामा तिच्याकडे गेले की आधी तिचे केस नीट बांधलेत का ते बघत.

तिचा नवरा बसच्या आगारात मेकॅनिक. माणूस वाईट नाही, हे मला त्याचा कितीही राग आला तरी मी आधी कबूल करते. दोघं आगारामागच्या एका खोलीत राहत. कपड्यांना, उशीला, प्यायच्या पाण्यालासुद्धा डिझेलचा वास. ठकूला तिसरा महिना होता आणि त्या वासाने तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. तेवढ्यात पठाराच्या कडेची एक जागा विकायला निघाली. वारा छान, खाली दूरवर हिरवं दिसायचं. मालक गाव सोडून चालला होता, त्याला आठवड्यात होकार हवा होता आणि दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं. ठकू मामांना म्हणाली, "बाबा, एकदा ठोकून बघा ना." मामा म्हणाले, "पाऊस चालू आहे, उन्हाळ्यात बघू." त्यावर ठकू म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत जागा थांबेल का? मी थांबेन, पण हे पोटातलं थांबेल का?"

मामा गेले. छत्री धरायला मी बरोबर होते. त्यांनी सगळी जागा ठोकली, नेहमीच्या दुप्पट वेळ ठोकली, भिजून चिंब झाले. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "भरीव आहे. मस्त भरीव आहे." मी विचारलं, "मामा, पण ओल्यात?" तर म्हणाले, "चाळीस वर्षांचा कान आहे. पाऊस त्याचं काय वाकडं करणार?" मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं. मी घरी येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलंही. आज ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

घर झालं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे कडेच्या बाजूला स्वयंपाकघर. स्वयंपाकघर ठकूने हट्टाने कडेला घेतलं, वाऱ्यासाठी. फळ्या कुठे, मोरी कुठे, पिठाचा डबा कुठल्या उंचीवर, सगळं तिने पोट सांभाळत उभं राहून करून घेतलं. गवंडी तिला टरकून असे. मुलगी झाली, रांगली, चालायला लागली. चार वर्षं गेली आणि घराला केसाएवढीही भेग पडली नाही.

चौथ्या वर्षी पावसाळा सरता सरता मामा पठाराखाली कुणाची तरी विहीर बघून पायवाटेने वर येत होते. वाटेत झरा लागला. ते तोंड धुवायला वाकले तर पाणी दुधाळ. त्यांनी ओंजळीतलं पाणी बोटांनी चोळून बघितलं. बुळबुळीत, पिठासारखं. झऱ्याचं तोंड दोन वर्षांपूर्वी हात जाईल एवढं होतं. आता ते पालथे पडून खांद्यांपर्यंत आत शिरू शकले. आत हात लांब केला तर हाताला काहीच लागलं नाही. बाहेर येऊन त्यांनी वर मान केली. सरळ डोक्यावर, कड्याच्या काठाला, ठकूच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. ठकू खिडकीत तांदूळ पाखडत होती.

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. नियम त्यांनी एकदा मोडला होता, आता दुसऱ्यांदा मोडायचा नव्हता. ओल्यात ठोकून काही कळणार नव्हतं. सुकायला हवं होतं. चार महिने हा माणूस ती गोष्ट पोटात घेऊन फिरला. रोज ठकूकडे जाऊन बसे. नात उड्या मारायला लागली की, "हळू गं, हळू, उड्या नको मारू," म्हणून तिला उचलून घेई. ठकू म्हणे, "बाबा, पोरं उड्या नाही मारणार तर काय आपण मारायच्या?" मामांचा सदरा अंगावर लोंबायला लागला. मी विचारलं, "मामा, जेवता ना?" तर म्हणाले, "उन्हाळा किती लांबलाय नाही यंदा?" मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी भूगोलाची बाई.

उन्हं तापली आणि एका दुपारी ठकू शेजारी गेली असताना त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर पहार सोडली. मग तडक माझ्याकडे आले. मी पेपर तपासत होते. ते दारातच उकिडवे बसले आणि म्हणाले, "ठकूचं घर पोकळीवर आहे. चुलीपासून मोरीपर्यंत सगळं बद्द वाजतंय." मी म्हटलं, "नक्की?" तर हा माणूस माझ्यासमोर रडायला लागला. मी त्यांना मामी गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं ठकूकडे गेलो. मामांनी सरळ सांगितलं, "पाऊस पडायच्या आत घर सोडा. वरचा दगड पाणी पिऊन जड होईल आणि खाली त्याला टेकू नाही." ठकूला आधी चेष्टाच वाटली. मग ती चिडली. "तुम्हीच छातीठोकपणे सांगितलंत ना, मस्त भरीव आहे म्हणून?"

 जावयासमोर हे बोलणं मामांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, "मी ओल्यात ठोकलं होतं. ठोकायला नको होतं. माझी चूक झाली."

 जावई अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, म्हणजे तेव्हा तुमचा कान चुकला. मग आता तो बरोबर आहे हे कशावरून?"

  चार वर्षं उभं असलेलं, एक भेग नसलेलं घर, कर्ज फेडत आणलेलं, आणि एका सत्तरीच्या माणसाचा कान. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं, म्हणूनच मला त्याचा इतका राग आला. ठकू मामांना म्हणाली, "बाबा, तुम्हाला झोप नाही लागत हल्ली. थोडे दिवस ठोकणं बंद करा." तिने ते मायेने म्हटलं. मामा उठून निघून गेले.

मग मी माझ्या परीने खटपट केली. बांधकाम कार्यालयात खेटे घातले, चार फेऱ्यांनंतर एका साहेबांना घेऊन आले. साहेबांनी भिंती बघितल्या, दाराच्या चौकटी बघितल्या, फरशीवर पाण्याची नळी टाकून पातळी बघितली. "बाई, कुठेही तडा नाही. हा दगड म्हणजे लोखंड आहे लोखंड, यावर दहा घरं उभी राहतील. तरी शंकाच असेल तर यंत्राने भोक पाडून बघावं लागेल. यंत्र एकच आहे, ते पुलाच्या कामावर गेलंय. पावसाळा संपला की बघू." मी त्यांना म्हटलं, "पावसाळ्यात घर पडलं तर संपल्यावर काय बघणार?" ते हसले. त्यांना झरा दाखवायला नेणार होते, पण त्यांचे बूट नवे होते. आणि झरा तेव्हा आटलेला, कोरडा होता.

मामा मग वेड्यासारखे फिरले. झऱ्याच्या तोंडातून आत चिरे रचून टेकू द्यायचा प्रयत्न केला. सत्तरीचा माणूस, पोटावर सरपटत एकेक चिरा आत ढकलत होता. तीन दिवसांत अकरा चिरे गेले आणि कोपरं सोलून निघाली. खाणीवरचे जुने सोबती आले, आत डोकावले आणि मागे सरले. एक जण म्हणाला, "डॉक्टर, ही गुहा भरायला अख्खी खाण लागेल." मी त्यांना म्हटलं, "मामा, जाऊ द्या आता. जे व्हायचं ते होईल." याची मला आजही लाज वाटते. ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तुझी मुलगी असती म्हणजे?"

पाऊस चार-पाच दिवसांवर आला होता. ठकू मुलीला टोचून घ्यायला तालुक्याच्या दवाखान्यात गेली, संध्याकाळीच परतणार होती. शेजारणीकडे किल्ली होती, ती मामांनी मागून घेतली. आत जाऊन त्यांनी डबे, भांडी, फळ्यांवरचं सगळं उचलून पुढच्या खोलीत नीट मांडून ठेवलं. आणि मग स्वयंपाकघराच्या मधोमध घण घालायला सुरुवात केली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. वरचा दगड फोडून पोकळी उघडी करायची. ठकू एकदा आत बघेल, तिला काळोख दिसेल, मग ती एक क्षण तिथे थांबणार नाही. फरशी फुटली, खाली लाल दगड लागला. घण, छिन्नी, पहार. गुडघाभर झालं, कमरेइतकं झालं. दगड संपेना. इतके महिने ज्याला ते शिव्या घालत होते, तो दगड नेमका त्या दिवशी भरीव निघत होता. ठकू परत आली तेव्हा तिचा बाप तिच्या स्वयंपाकघरात छातीइतक्या खड्ड्यात उभा होता. केसांत लाल भुकटी, हात रक्ताळलेले, आणि खड्ड्याच्या तळाला दगडच.

"थोडंच राहिलंय," ते म्हणाले. "हातभर. फार तर दोन हात. बद्द वाजतंय, ऐक ना."

ठकू ओरडली नाही. ती मुलीला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, बाहेर या. माझ्या घरातून बाहेर या." जावई आल्यावर त्याने पहार आणि घण उचलून रस्त्यावर फेकले. मामांना हात लावला नाही, हे त्याचे उपकार. शेजारीपाजारी जमले होते. कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांनाच डॉक्टर दाखवा. लोक हसले. मी तिथे होते आणि मी त्या लोकांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्वयंपाकघरात खड्डा घेऊन कोण राहणार? ठकू, नवरा आणि मुलगी आठ-दहा दिवसांसाठी माझ्याकडे राहायला आली. तिकडे गवंडी खड्डा भरायला लागला. ठकू माझ्या स्वयंपाकघरात मदत करायची, पण बोलायची नाही. मामांचं नाव काढलं की ताट सोडून उठायची. आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, काही का होईना, त्या घरात सध्या कुणी नाही.

पाऊस लागला. चौथ्या दिवशी दुपारी गवंडी जेवायला ओट्यावर येऊन बसला होता, म्हणून वाचला. तो सांगतो, आवाज मोठा झाला नाही. मागच्या खोलीतून कुणीतरी मोठा उसासा टाकावा तसं झालं, आणि वळून बघतो तर खोलीच नाही. स्वयंपाकघर, खिडकी, फळ्या, मोरी, अर्धी मधली खोली खाली गेली. संध्याकाळपर्यंत झऱ्यातून लाल आणि पांढरं असं पाणी एकत्र वाहत होतं.

मला वाटलं, आता तरी सगळे मामांच्या पाया पडतील. मामांनी तिघांचा जीव वाचवला, याहून उघड काय असतं? पण कार्यालयातले साहेब आले. या वेळी गमबूट घालून आले. त्यांनी लिहिलं की खाली पोकळी होती हे खरं, परंतु वरच्या कठीण थराला छातीइतका खड्डा पाडल्यामुळे तो कमकुवत झाला आणि कोसळला. नाहीतर किती वर्षं टिकला असता ते सांगता येत नाही. गावाला हे पटलं. जावयाला तर पटलंच. "शंभर वर्षं उभं राहिलं असतं," तो म्हणायचा. "सासऱ्याने फोडलं म्हणून पडलं."

ठकूने मामांना माझ्या घरी बोलावून घेतलं. ते आले, खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभे राहिले. तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा. तुम्ही खड्डा पाडला नसता तर पडलं असतं?"

त्यांनी हो म्हणावं असं मला इतकं वाटत होतं की मीच बोलणार होते. हो म्हणायला काय हरकत होती? पण या माणसाला ठोकल्याशिवाय सांगायची सवय नव्हती, आणि जे ठोकून बघायचं ते आता खाली गेलं होतं. ते म्हणाले, "माहीत नाही गं ठकू." तिने विचारलं, "यंदा की दहा वर्षांनी, एवढं तरी?" ते म्हणाले, "माहीत नाही." आणि मग स्वतःहूनच म्हणाले, "पडलं असतं तर जागा मीच दाखवली होती. नसतं पडलं तर मीच पाडलं. कसंही बघ, मीच आहे." ठकू आत निघून गेली. मामा चपला घालून गेले.

त्यानंतर पावणेदोन वर्षं ती त्यांच्याशी बोलली नाही. पुन्हा आगारामागची तीच खोली, तोच वास. मामांकडे लोक ठोकायला बोलवायला येत नसत. कधी एखादा आलाच तर ते नुसती मान हलवत. मी रविवारी डबा घेऊन जायचे. ते विचारायचे, "ठकूची मुलगी उड्या मारते का गं आता?" मी म्हणायचे, "मारते." तेवढंच आमचं बोलणं. मला वाटायचं या माणसाने मरावं तरी, सुटेल. इतकी माझी आशा संपली होती.

म्हणून या उन्हाळ्यात एका रविवारी ठकू स्वतः त्यांच्या दाराशी आली तेव्हा मी बघतच राहिले. तिचा नवरा पुन्हा जागा बघत होता. तीन जागा नजरेत होत्या. ठकू त्याला न सांगता आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही ठोकल्याशिवाय मी कुठेही राहायला जाणार नाही. चला."  मामांनी पहार शोधली. तिला गंज चढला होता. ठकूने ती पदराने पुसून त्यांच्या हातात दिली. वाटेत मी मागे राहून डोळे पुसून घेतले. वाटलं, झालं, सगळं परत मिळालं.

पहिल्या जागेवर मामांनी दोन तास ठोकलं आणि म्हणाले, "नको. पोकळ आहे." ठकूने एका शब्दाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी जागा. तिथे ते जास्त वेळ होते, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी पहार टाकत होते. "नको, पोकळ आहे." तिसरी जागा जुन्या चिरेखाणीला लागून होती. जागेची एक बाजू म्हणजे खाणीचा कापलेला कडा, तीन पुरुष उंच, उभा सरळ. जमिनीच्या आत काय आहे ते तिथे डोळ्यांनी दिसत होतं. वरपासून खालपर्यंत लाल दगड, कुठे बोटभर फट नाही.

मामांनी पहार टाकली.  चार पावलं पुढे जाऊन पुन्हा टाकली. मग उभे राहिले आणि म्हणाले, "नको गं ठकू. पोकळ आहे."

ठकू त्यांचा हात धरून त्यांना खाणीत खाली घेऊन गेली. त्यांचा तळवा तिने त्या कापलेल्या दगडावर ठेवला. "हे बघा बाबा. इथून तुम्हीच चिरे काढलेत. आहे का कुठे पोकळ?"

मामांनी दगडावरून हात फिरवला. टिकावाच्या खुणांवरून बोटं फिरवली. "नाही," म्हणाले. "दगडच आहे. मला दिसतंय."

"मग?"

"वर गेलो की पोकळ वाजतं," मामा म्हणाले. "सगळीकडेच वाजतं. माझ्या खोलीत वाजतं, रस्त्यावर वाजतं. घर पडलं त्या दिवसापासून भरीव आवाज मला ऐकूच आला नाही."

ठकूने त्यांचा तळवा दगडावरून काढून आपल्या हातात घेतला. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मला कळलं की आता ती त्यांना कधीच काही विचारणार नाही, आणि रागाने नाही. आम्ही वर आलो. रस्ता दीडदोनशे पावलांवर होता. मामांनी ठकूला थांबवलं आणि स्वतः पुढे झाले. "माझ्या मागून ये," ते म्हणाले. "मी पाय टाकतो तिथेच टाक. इकडेतिकडे नको." एकेक पाऊल आधी टाचेने दाबून बघत ते चालायला लागले, आणि ठकू खाली बघत, त्यांचा पाय पडेल तिथेच आपला पाय ठेवत, त्या तीन पुरुष भरीव दगडावरून रस्त्यापर्यंत आली.